निकुरे साहेबांचं झेंडूचं रोपवन

झाडाचा घेर मोजायचा तो माणसाच्या छातीच्या उंचीवर, असा वनखात्याचा नियम आहे. कोपऱ्यात आपोआप उगवलेलं सदाफुलीचं रोप निकुरे साहेबांच्या गुडघ्यापर्यंतही येत नाही. मग साहेब काय करतात, तर अंगणात पोतं अंथरतात, त्यावर पालथे पडतात, आपली छाती सदाफुलीच्या पातळीवर आणतात आणि खिशातून टेप काढतात.

मी त्यांच्याकडे भाड्याने राहायला आलो तेव्हा पहिलं दर्शन हेच झालं. फाटकातून आत शिरलो तर साठी ओलांडलेला एक माणूस जमिनीवर पालथा. मी बॅग टाकून धावलो.

"पडलो नाई जी, मोजून राह्यलो," साहेब मान न वळवता म्हणाले. "तुमीच का ते नवे मास्तर? त्या दगडावरून पाय काढा. हद्दीचा दगड होय तो."

साहेब वनपाल म्हणून निवृत्त झाले. घर चिमूरला, पण नोकरी सगळी तिकडे, गडचिरोलीच्याही पलीकडे. आलापल्ली, एटापल्ली, सिरोंचा. अंगावरची खाकी उतरली, पण जीभ अजून खाकीच आहे. शेजाऱ्याची बकरी त्यांच्या लेखी वन्यप्राणी आहे. दूध उतू गेलं की ते पंचनाम्याची गोष्ट काढतात. आणि कशाबद्दलही काहीही सांगितलं की त्यांचं एकच वाक्य येतं, "आधी मौका पाहा लागते." म्हणजे आधी जागेवर जाऊन पाहणी करायची. लाइट गेली, तरी मौका पाहा लागते. भाजीत मीठ जास्त झालं असं कोणी म्हटलं, तर साहेब ताटावर वाकून मौका पाहतात, आणि मग मीठ जास्त झालं असा निष्कर्ष काढतात.

मी त्यांना हसतो, पण त्यांच्या अंगणाबद्दल मला पहिल्यापासून आदर होता. माझ्या आईवडिलांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधीत धान रोवलं आणि उन्हाळ्यात मोह वेचला. आमच्या गावी फूल म्हणजे मोहाचं. ते वेचायचं, वाळवायचं आणि विकायचं. फूल नुसतं पाहण्यासाठी जागा राखून ठेवायची असते, हे मी शिकलो ते कॉलेजच्या बागेत. पदवी हातात आली त्याच सुमारास मला ही दुसरी गोष्ट कळली, आणि दोन्हींबद्दल मी सारखाच कृतज्ञ आहे. त्यामुळे साहेबांनी फुलांची पट्टी करायची ठरवली, तेव्हा सगळ्या आळीत आनंद झालेला मी एकटाच होतो.

ही पट्टी म्हणजे फाटकापासून सपरीपर्यंत, म्हणजे पुढच्या पडवीपर्यंत, भिंतीलगत गेलेली लांबट मोकळी जागा. त्या घरात साहेबांच्या ताब्यात तेवढीच होती. स्वयंपाकघर विमलकाकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. पुढची खोली टीव्हीची, आणि टीव्हीही काकूंचा. मागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको सुनीता. परसातल्या वालाला, कारल्याला साहेबांनी हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद. इतकी वर्षं घर काकूंनी एकटीने चालवलं, तेव्हा प्रत्येक वस्तूची जागा त्यांनी ठरवलेली. साहेब परत आले तेव्हा त्यांच्यासाठी जागा ठरवायची राहून गेली. एक खुर्ची होती, पण झाडताना तीही उचलून बाहेर ठेवली जाई आणि बरेचदा साहेबांसकट.

आता त्या पट्टीवरही संकट आलं होतं. त्यांचा मुलगा प्रशांत नागपूरला असतो. त्याने नवी गाडी घेतली होती आणि महालक्ष्म्यांना ती घेऊन तो येणार होता. गाडी आत उभी राहायला हवी, म्हणून अंगणात भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटचे गट्टू बसवायचे, असा त्याचा फोन आला. काकूंना गट्टू हवेच होते. पावसाळाभर चिखलाचे पाय घरात येतात, याचा त्यांना वीट आला होता.

"मले एक पट्टी पाहिजे," साहेब म्हणाले.

"कायले?"

"फुलं लावतो."

काकूंनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "महालक्ष्म्यांच्या आधी तिथी हिरवं दिसलं तर पट्टी तुमची. नाई दिसलं तर गट्टू. मंग मले मौका बिका सांगू नका."

दुसऱ्याच दिवशी झड लागली. आमच्याकडची झड म्हणजे कोसळणारा पाऊस नव्हे. तो नुसता पडत राहतो, सकाळ-संध्याकाळ एकच उजेड असतो आणि वाळत घातलेला शर्ट तीन दिवसांनी जास्त ओला होतो. अंगणात पाय ठेवायची सोय नव्हती. दुसऱ्या कोणी पाऊस उघडायची वाट पाहिली असती. साहेबांनी आराखडा करायला घेतला.

आराखडा त्यांनी कागदावर केला नाही. ते म्हणाले, कागदावर जंगल कोणालेही लावता येते. त्यांनी टिनाच्या सपरीत खडूने पट्टी आखली आणि तिच्यात स्वयंपाकघरातली भांडी मांडली. मोठे गंज म्हणजे जास्वंद. गडवे म्हणजे गुलाब. वाट्या म्हणजे झेंडू आणि चमचे म्हणजे कडेची ऑफिसटाइमची बुटकी फुलझाडं. सागाच्या रोपवनात दोन रोपांत दोन मीटर अंतर ठेवतात, म्हणून त्यांनी झेंडूलाही तेवढंच दिलं. त्या हिशेबाने सबंध पट्टीत झेंडूची चार रोपं मावत होती.

"साहेब, अंतर जरा जास्त होत नाही का?" मी विचारलं.

"आज जास्त वाटते सर. झाड वाढलं का अंगाले अंग लागते."

"झेंडू केवढा वाढेल?"

"ते मौका पाहून ठरते."

पट्टीच्या मधोमध त्यांनी एक लाटणं आडवं ठेवलं होतं. ते काय, म्हणून विचारलं तर म्हणाले, जाळरेषा. म्हणजे वणवा लागला तर पुढे सरकू नये म्हणून मोकळी ठेवलेली जागा. पन्हाळीतून पाण्याची धार पडत होती, अंगणाचं तळं झालं होतं आणि त्यात काकूंची एक चप्पल तरंगत होती.

"आग लागेल, साहेब?"

"वणवा का विचारून येते?"

तेवढ्यात काकू आतून आल्या. "तो गंज द्या इकडे. वरण लावाचं हाय."

"तो गंज नोहे. जास्वंद होय तो."

"मंग आज जास्वंदीत वरण खा," म्हणत काकू गंज उचलून घेऊन गेल्या. साहेबांनी रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, "अवैध तोड."

झड चालूच राहिली आणि आराखडा रोज बदलत राहिला. मी सकाळी शाळेत निघालो की गुलाब भिंतीकडे असत. संध्याकाळी आलो की फाटकाकडे गेलेले. सुनीताने एकदा चहाला पातेलं मागितलं, तर तिला सांगण्यात आलं की पाहिजे तर घ्या, पण संध्याकाळपर्यंत त्याच जागी परत रोवा. आराखडा पक्का व्हायच्या आधीच साहेबांनी फलक मात्र पक्का केला. पत्र्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलं, "रोपवन. प्रजाती : मिश्र. चराई बंद." छत्री डोक्यावर धरून, चिखलात घोटाभर रुतून त्यांनी तो स्वतः गाडला. रस्त्याने जाणारे थांबून फलक वाचत, मागच्या रिकाम्या चिखलाकडे पाहत आणि पुढे जात. फलक आहे आणि झाड नाही, याचं आपल्या लोकांना फारसं नवल वाटत नाही.

मग आठवडी बाजार आला. साहेब भर पावसात गेले आणि रोपं घेऊन आले. झेंडू, शेवंती, तेरडा, जे मिळालं ते. रोपं मोठी छान होती, काळ्या पिशव्यांत टवटवीत उभी. एकदोन झेंडूंना तर कळ्याही होत्या. काकू सपरीत येऊन पाहून गेल्या आणि काही बोलल्या नाहीत. काकूंचं काही न बोलणं ही त्या घरातली सर्वांत मोठी शाबासकी असते. मला वाटलं, जिंकले साहेब. ही रोपं नुसती जमिनीत उभी केली असती तरी हिरवं दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर पट्टीत एकही पान नव्हतं. चिखलात ओळीने बोटाएवढे खुंट उभे होते, कोणी काड्या रोवाव्यात तसे. साहेब सब्बल, म्हणजे पहार, घेऊन शेवटचा खड्डा पाडत होते. शेजारी कापलेल्या पाल्याचा ढीग होता. त्यात कळ्याही होत्या.

काय झालं ते मला त्यांनीच समजावून सांगितलं, आणि फार प्रेमाने सांगितलं. साग असाच लावतात. रोपवाटिकेतून रोप उपटायचं, वरचा सगळा पाला आणि खोड छाटून टाकायचं, बोटाएवढा खुंट ठेवायचा, मुळ्या सारख्या करायच्या आणि पहिल्या ओलीवर सब्बलीने भोक पाडून रोवायचं. त्याला स्टंप म्हणतात. असे किती स्टंप त्यांच्या हाताखाली लागले असतील याला गणती नाही.

"पाला ठेवला का रोप वरच्या वर जगाले पाहाते," साहेब म्हणाले. "पाला कापला का जीव मुळात उतरते. मंग ते हालत नाई. साठ वर्ष हालत नाई."

"पण साहेब, साग साठ वर्षं जगतो. झेंडूला चार महिने असतात."

साहेब सब्बलीवर रेलून उभे राहिले. टोपीच्या कडेवरून पाणी गळत होतं. ही बाब आराखड्यात आली नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण ते वनपाल होते. म्हणाले, "मौका पाहू."

काकूंनी मौका लगेच पाहिला. सपरीच्या पायरीवर उभ्या राहून त्यांनी खुंटांवरून नजर फिरवली, मग पाल्याच्या ढिगाकडे पाहिलं.

"झेंडूचं सरपण करून टाकलं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "सर, हा माणूस जंगल राखत होता म्हणते. जंगल बिचारं आपल्या मनानं वाढलं असन बापा."

आळीत ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. किराणा दुकानात मला विचारलं जाऊ लागलं, "काऊन सर, तुमच्या साहेबाचा झेंडू कापणीले आला का?" कोणी म्हणे, आता लिलाव केव्हा होणार. मीही हसलो. हसण्यासारखंच होतं. खुंट आधी काळे पडले, मग मऊ झाले, आणि एका सकाळी पाहिलं तर पट्टीत फलक तेवढा उरला होता. त्याच संध्याकाळी प्रशांतचा फोन आला. पाऊस उघडला की गट्टूवाला मोजायला येईल, आपण बोलून ठेवलं आहे. काकू "हो" म्हणाल्या. साहेब शेजारीच बसले होते. त्यांना कोणी फोन दिला नाही.

मला वाटलं, विषय संपला. पण दुसऱ्या दिवशी बघतो तर सपरीत खडूची पट्टी पुन्हा आखलेली आणि साहेब तिच्यासमोर बसलेले. यावेळी भांडी नव्हती. नुसती रेघ होती आणि रेघेच्या आत काही नव्हतं. पाऊस टिनावर वाजत होता. मी बाजूला बसलो.

"काय मांडणार आता?" मी थट्टेच्या सुरातच विचारलं.

साहेबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत मिक्सर चालू होता. ते माझ्याकडे सरकले आणि जंगलात खबर देतात तशा आवाजात म्हणाले, "सर, एक काम कराल का? तुमच्या घरचे तिच्यासंगं बसते बोलत. आडून आडून विचाराले सांगा. पण माहं नाव नाई आलं पाहिजे."

"काय विचारायचं?"

"तिले फूल कोणतं आवडते ते."

मिक्सर थांबला तसे साहेबही थांबले. पुन्हा सुरू झाल्यावर म्हणाले, "बाजारातून जे भेटलं ते आणलं मी. पण लावाचं काय, ते मले ठावंच नाई. पाहा ना, कोणत्या जंगलात कोणतं झाड येते ते मी झोपेत सांगतो. आणि हे विचाराचं राहूनच गेलं."

आराखडा रोज का बदलत होता, ते मला तेव्हा कळलं. गुलाब भिंतीकडून फाटकाकडे आणि फाटकाकडून भिंतीकडे फिरत होता, कारण मुळात तो गुलाब आहे की नाही याचीच साहेबांना खात्री नव्हती.

सुनीताने काम मनापासून केलं. दुपारी वाल सोलता सोलता तिने फुलांचा विषय काढला. विमलकाकूंनी शेंग सोलणं थांबवलं नाही. "त्यांनीच पाठवलं ना तुले?" त्यांनी सरळ विचारलं.

सुनीताला खोटं बोलता येत नाही. काकू जरा हसल्या आणि मग बऱ्याच बोलल्या. साहेब दोन-तीन महिन्यांतून एकदा घरी येत. सोबत चारोळी, मध, कधी वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. आले की खाटेच्या कडेवर बसत, पाहुणा बसतो तसे. पाणी मागताना "जरा पाणी मिळन का" म्हणत. त्यांच्यासोबत येणारा नाकेदार, म्हणजे हाताखालचा वनरक्षक, त्यांना साहेब म्हणायचा, ते ऐकून पोरंही बापाला साहेबच म्हणायला लागली. "मले वाटलं हे बोलतीन पोराईले, बाबा म्हणा म्हणून. नाई बोलले. इतकुसा चेहरा करून बसले आणि पोरानं साहेब म्हटलं का ओ देल्ली." मग काकूही साहेब म्हणू लागल्या. आम्ही सगळे म्हणतो. मी तर इतके दिवस समजत होतो, की त्यांना ते म्हणवून घ्यायची हौस आहे.

"मग फुलाचं काय सांगू त्यांना?" सुनीताने विचारलं.

काकूंनी वालाच्या दाण्यांचं ताट उचललं. "सांग का मी का बांद्याले राहातो आणि ते चांद्याले? सैपाकखोलीत राहातो मी. अठरा पावलं असन-नसन. येऊन विचारा म्हणावं."

हा निरोप मी साहेबांना जशाचा तसा दिला. ते नुसते "हं" म्हणाले. त्या दिवशी मी त्यांना दोनदा स्वयंपाकघराच्या दाराशी जाताना पाहिलं. पहिल्यांदा ते काडीपेटी घेऊन परतले, दुसऱ्यांदा चहा घेऊन. साहेब विडी पीत नाहीत. त्या काडीपेटीचं त्यांनी काय केलं, मला माहीत नाही. लाकूडचोरांच्या मागे रात्ररात्र नाले तुडवलेला हा माणूस. पण घराच्या आतलं जंगल त्याच्या सरावाचं नव्हतं.

रविवारी सकाळी ऊन पडलं आणि ऊन पडल्या पडल्या गट्टूवाला मोटारसायकलवरून हजर झाला. त्याने फाटकाशी टेपचं टोक मला धरायला दिलं आणि तो भिंतीकडे निघाला. फलकापाशी थांबून त्याने तो वाचला.

"काकू," त्याने खिडकीकडे तोंड करून हाक मारली, "हे बी धरू का मोजात? पार भिंतीलोक?"

खिडकीत काकू दिसत नव्हत्या. फोडणीचा आवाज आला, आणि मग त्यांचा.

"ते साहेबांले विचारा. त्यांची जागा होय ती."

साहेब सपरीत उभे होते. काकू असं बोलतील हे त्यांना अपेक्षित नव्हतं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"सांगा ना जी," गट्टूवाला म्हणाला. त्याला पुढे दुसरीकडे जायचं होतं. "सोडाची असन तर सोडतो. पण लावाचं काय हाय तिथी? गुलाब असन तर हातभर सोडतो. मोठं झाड असन तर जास्त सोडा लागन, नाई तं मुळ्या गट्टू उचलते."

साहेबांकडे अशा प्रश्नाचं उत्तर नेहमी तयार असतं. अंतर, खोली, मुळांचा पसारा, सगळं. पण यावेळी ते आतल्या दाराकडे वळले. पायातल्या चपला काढून सपरीच्या कडेला नीट जोडून ठेवल्या, पंच्याने पाय कोरडे केले आणि आत गेले. पुढची खोली ओलांडताना ते दिसले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ते थांबले नाहीत.

आतून फोडणीचा आवाज बंद झाला. गॅस बारीक केला असावा.

"विमल," साहेब म्हणाले.

दोन वर्षं मी त्या घरात राहतो. त्यांच्या तोंडून हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं. पुढे काही ऐकू आलं नाही. मग काकूंचा आवाज आला, नेहमीपेक्षा खालचा.

"बसा ना. उभ्या उभ्या का विचारता."

पाट सरकवल्याचा आवाज झाला.

"किती सोडू जी सर?" गट्टूवाला माझ्याकडे पाहत होता. टेप आमच्या दोघांच्या मध्ये ताणलेला होता आणि त्याच्याखाली ती पट्टी उन्हात वाफाळत होती.

"थांबा जरा," मी म्हणालो. "ठरून राह्यलं."